साल चुकलं, खिडकी नाही

(गणपत गल्ली, बेळगाव. सकाळ. शटर वर जातायत.)

सणाच्या आदल्या दिवशी गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. फुलं, पणत्या, मधूनच हॉर्न वाजवत घुसणारी स्कूटर. अशा गर्दीत माडीच्या खिडक्यांकडं मान वर करून कोण बघतंय? आम्हीपण कधी बघितलं नव्हतं.

(सतराव्या शतकातलं एक चित्र पडद्यावर.)

हा अ‍ॅमस्टरडॅमचा डाम चौक, त्या शहराची बाजारपेठ. समोरची झिजलेली इमारत म्हणजे जुना टाउन हॉल. न्यायनिवाडा इथंच, आणि १६०९ पासून व्यापाऱ्यांच्या ठेवी सांभाळणारी बँकही इथंच. मनोऱ्याला कळस दिसत नाही. खिळखिळा झाला म्हणून तो १६१५ मध्येच उतरवला होता.

७ जुलै १६५२. आगीत सगळं गेलं. दोन दिवसांनी चित्रकार रेम्ब्रांटनं चौकातल्या वजनघरापासून दिसणारे पडके अवशेष कागदावर उतरवले. पण हे चित्र त्याचं नव्हे, आणि यात राखेचा मागमूस नाही. हे पीटर सानरेदाम या दुसऱ्या चित्रकाराचं, १६५७ चं. इमारत जळून पाच वर्षं झाल्यावर यानं ती धडधाकट रंगवली!

कारण १६४१ च्या जुलैत हा गडी इथं बसून तिचं रेखाटन करून गेला होता. एरवी चर्चच्या आतले खांब आणि कमानी रंगवणारा माणूस. आधी मापं, मग रेषा, रंग सगळ्यात शेवटी. तो कागद त्यानं सोळा वर्षं जपला. तशी ती इमारत जाणारच होती म्हणा. नव्या टाउन हॉलचं काम १६४८ पासून सुरू होतं, त्याच्या पायात १३,६५९ लाकडी खांब ठोकलेत. आगीनं फक्त घाई केली.

चित्रावरच त्यानं लिहून ठेवलंय, तीन तासांत जळालं म्हणून. साल मात्र घातलंय १६५१! इंचाइंचाचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि वर्षच चुकला. आमचा जीव जडला तो इथंच.

१६५८ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी ४०० गिल्डर (तिथलं तेव्हाचं चलन) मोजून हे चित्र घेतलं आणि नव्या इमारतीत, आपल्या दालनात लावलं.

(पुन्हा गणपत गल्ली.)

आम्ही कॅमेरा वर धरला तसे भांड्यांच्या दुकानातले काका बाहेर आले.

“काय शूटिंग करायलाय हो वर? पुढच्या महिन्यात काढायलोय ती माडी.”

“काका, मापं घेऊ का?”

“घ्या की.”

शिडी त्यांनीच आणून दिली.