पटकथेतलं मध्यंतर

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही श्रेयं बरेचदा वेगवेगळी दिलेली असतात. काय घडलं ती कथा. माणसं काय बोलली ते संवाद. आणि कोणती गोष्ट प्रेक्षकाला कधी कळू द्यायची, हे ठरवते ती पटकथा. आपल्याकडे तिचा कस लागतो मध्यंतराला.

इंग्रजी पटकथेत ठरलेल्या टंकात एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. देवनागरीत हा हिशेब जुळेलच असं नाही. प्रसंग मोठ्यानं वाचून घड्याळ लावलेलं बरं. दोन तासांच्या चित्रपटात मध्यंतर येतं साठाव्या मिनिटाच्या आसपास. तिथं हमखास धक्का ठेवला जातो. गोळी सुटते, पडदा काळा. लोक बटाटेवडा खाऊन परततात, तर गोळी दंडाला नुसती चाटून गेलेली! नायकाला हवं तेच, अडचणही तीच. मग वेळ भरायला गाणं येतं, विनोदी मामा येतो. 'सेकंड हाफ पडला' म्हणतात तो असा, पण चूक झालेली असते आधीच्या तासात.

2004 साली प्रदर्शित झालेला संदीप सावंत यांचा 'श्वास' आठवा. आजोबा नातवाला घेऊन खेड्यातून शहरात येतात. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. 'शस्त्रक्रिया यशस्वी होईल का?' यावरच सगळं टांगलं असतं, तर आजोबांना बाहेरच्या बाकावर बसून राहण्याखेरीज काम उरलं नसतं. पटकथा विचारते ते निराळंच: हे पोराला सांगायचं कसं? आणि तो प्रश्न सुटला की दुसरा उभा राहतो: डोळे आहेत तोवर त्याला काय दाखवायचं? आजोबा त्याला घेऊन इस्पितळातून निघून जातात, ते या दुसऱ्या प्रश्नापायी.

लिहिणाऱ्यांनी एवढं करून पाहावं. एका कार्डावर एकच प्रसंग, तोही एका ओळीत. पन्नास-साठ कार्डं होतील. मध्यंतराच्या कार्डामागे दोन ओळी लिहा: याआधी प्रेक्षक कशाची वाट पाहत होता, आणि यानंतर कशाची पाहील? दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या, तर मध्यंतर अजून सापडलेलं नाही. मग एकेक कार्ड काढून बघा. पुढचं काहीच अडत नसेल, तर तो प्रसंग गेला. इथं जीव तुटतो खरा, कारण नेमके लाडके प्रसंगच असे निघतात. संवादांना हात लावायचा तो यानंतर.