मंजुरीनंतरचा अंगठा

[दृश्य : भांडुप पश्चिम, सकाळ. टेकडीच्या पायऱ्या.]

भांडुपच्या टेकडीवर रिक्षा एका वळणापर्यंतच येते. पुढे पायऱ्या. आम्ही मोजल्या, चौऱ्याण्णव भरल्या. मध्ये दोन ठिकाणी गटारावर फरशी टाकलीय, ती पायरी धरायची की नाही यावर आमच्यात थोडा वाद झाला.

सव्वाआठला एक ताई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पाठुंगळी घेऊन उतरतात. मागून शेजारचा पोरगा घडी केलेली व्हीलचेअर डोक्यावर घेऊन येतो. "वहिनी, दमानं." दमानं जमत नाही. टेकायला म्हणून थांबलं की परत उचलणं जड जातं.

मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय ताठ, बोलणं मोजकं, हसणं भरपूर. प्रमाणपत्रावर ८५ टक्के दिव्यांगत्व, खिशात निळं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र.

[दृश्य : ताईंच्या मांडीवर फाइल.]

ही फाइल. बटणाचं प्लास्टिक फोल्डर. बटण तुटलं म्हणून केसांचं रबर. आत रेशनकार्ड, महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार. महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये. मुंबईत. हा भागाकार आम्ही दोनदा केला.

आणि सगळ्यात वर, वेगळ्या पिशवीत, मंजुरीचं पत्र. संजय गांधी निराधार अनुदान योजना. योजना १९८० ची. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २५०० रुपये. त्याआधी १५०० होते.

"पत्र आलं त्या दिवशी चाळीत पेढे वाटले," ताई सांगतात. "आता जो तो विचारतो, पैसे आले का? पेढे वाटायलाच नको होते."

पेढ्यांना साडेसहा महिने झाले. पासबुक कोरं आहे. मध्यंतरी मुलाची फिजिओथेरपी बंद पडली, ताईंचं सकाळचं काम सुटलं.

[दृश्य : तहसील कार्यालयाबाहेरचा बाक.]

आत कॅमेरा न्यायला परवानगी मिळाली नाही, म्हणून बाक. या बाकावर कान दिला तर एकच शब्द ऐकू येतो : सीडिंग. "माझं लिंक आहे हो, सीडिंग नाही म्हणतात."

फरक असा. पूर्वी लाभार्थ्यांची यादी आणि पैसे तहसीलमधून बँकेत जायचे. आता रक्कम थेट आधारवर पडते. अर्जात तुम्ही खातेक्रमांक कितीही सुवाच्य लिहा, पैसा त्या क्रमांकाकडे बघत नाही. तो तुमचा आधार क्रमांक विचारतो आणि तो शेवटचा ज्या बँकेला जोडला गेला, तिथे जातो. बँकेने केवायसीसाठी आधारची झेरॉक्स घेतली म्हणजे लिंक झालं. अनुदान याच खात्यात घ्या, अशी संमती फॉर्मवर लिहून दिली आणि ती वरच्या यंत्रणेत नोंदली गेली, की सीडिंग झालं. मंजुरीच्या पत्रावर या दोन ओळी छापायला काय हरकत आहे, कळत नाही.

ताई बँकेत गेल्या. खातं मुलगा शाळेत असताना उघडलेलं, पालक म्हणून सही आईची. तो अठराचा झाला आणि ती सही चालेनाशी झाली. त्याला स्वतःला सही येत नाही. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. नेमणूक करते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती.

"म्हणजे मी याची आई, ते कलेक्टर सांगणार," ताई म्हणतात.

समितीपुढचं चित्रण आमच्याकडे नाही. पालकत्वाचं पत्र मिळालं. ते फाइलीत पेढ्यांच्या पत्राखाली गेलं.

[दृश्य : आधार केंद्र. हाताचा क्लोजअप.]

आता हा हात.

आधार काढलं तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नि बुबुळं परत द्यावी लागतात. तो पंधराचा झाला तेव्हा कोरोना होता. कोण जाणार आधार केंद्रावर? बँकेच्या यंत्राला त्याचा अंगठा ओळखू येईना, म्हणून इथे आलो.

मूठ घट्ट मिटलेली. ताई आधी मनगट कुरवाळतात, मग करंगळी उघडतात, मग तिच्या शेजारचं बोट. घाई केली की पाचही परत मिटतात. अंगठा आत दडलेला, तो सगळ्यात शेवटी. पदराने घाम पुसायचा, काचेवर टेकवायचा.

"दाब द्या, मावशी," ऑपरेटर म्हणतो.

दाब दिला की मूठ मिटते. परत करंगळीपासून. आमच्या चित्रीकरणात हे अकरा वेळा आहे. इथे तीनच ठेवले.

ठसे घेणं शक्य नसेल तर अपवाद म्हणून नोंद करून, फोटो काढून काम पुढे नेण्याची सोय आधारच्या नियमांतच आहे. ताईंनी ती विचारली. ऑपरेटर पोरगा भला आहे, पण गोंधळला. "हात आहे, दहा बोटं आहेत. अपवाद कसला लिहू?" त्याने वरिष्ठांना फोन लावला. अर्धा तास गेला. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "आम्हाला तरी सोडा पुढे."

फोन आला. अपवाद लिहिला गेला. राहिले डोळे. बुबुळाच्या यंत्रासमोर मान ठरत नाही. ताईंनी मोबाइल काढला, यंत्राच्या मागे धरला आणि लोकलचा हॉर्न लावला. याला लोकल जीव की प्राण. मान वळली, डोळे मोठे झाले, हसू फुटलं.

टिंग.

[दृश्य : बँक. पासबुक छापायचं मशीन.]

आधार अद्ययावत व्हायला काही दिवस गेले, मग सीडिंगचा फॉर्म, मग पुढच्या महिन्याची वाट. आज पासबुक मशीनमध्ये घातलंय. टर्र टर्र, थांबलं, पान उलटा म्हणालं. परत टर्र.

जमा : २५०० रुपये.

मागच्या महिन्यांचं काय, हे ताईंनी दोन खिडक्यांवर विचारलं. कॅमेऱ्यासमोर कुणी बोललं नाही. दर वर्षी हयातीचा दाखला मात्र न चुकता द्यायचा, हे दोघांनीही सांगितलं. म्हणजे पायऱ्या आहेतच.

मशीनच्या रांगेत कुबड्या घेतलेले एक काका आहेत. निळं कार्ड बघून ते म्हणतात, "ताई, महापालिकेचं घेता की नाही? धर्मवीर आनंद दिघे योजना. ८० टक्क्यांच्या वर महिना तीन हजार, सहा-सहा महिन्यांचे एकदम. आमच्यासारख्या कमी टक्क्यांच्या, पिवळ्या कार्डाला हजार."

ताई फाइलचं रबर काढतात, पासबुक आत सरकवतात.

"त्याला पण अंगठा लागतो का हो?"

"आधी फॉर्म तर घ्या," काका म्हणतात.