काकूंचा चौथ्या जनरेशनचा पीसी (निवेदन)

[शॉट: साइड पॅनल निघतंय, ब्लोअर]

ब्लोअर चालू केल्याबरोबर जो ढग उठला तो बघा, एडिटरने मुद्दाम स्लो मोशनमध्ये टाकलाय. अप्पा बळवंत चौकातून आत वळलं की नारायण पेठेच्या बाजूला एका बोळात डीटीपीचं दुकान आहे, त्या दुकानातलं हे कॅबिनेट. दुकान काकूंचं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, बिलबुकं, सोसायटीच्या वार्षिक सभेचे अहवाल, क्लासवाल्यांच्या नोट्स, सगळं ह्या एका मशीनवर निघतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, आणि नेमकी तेव्हाच मशीनने मान टाकली. म्हणजे बंद नाही पडलं, पण सकाळी बटण दाबायचं, देवाला दिवा लावायचा, चहा सांगायचा, चहा पिऊन व्हायचा, तरी स्क्रीनवर ते गोल गोल फिरतच असायचं.

सगळ्यांनी काकूंना एकच सल्ला दिला, नवीन घ्या. आता नवीन का नाही घ्यायचा हे समजायला त्यांची स्क्रीन बघा.

[शॉट: स्क्रीन, पेजमेकरमध्ये पत्रिका]

हे पेजमेकर आहे, पानं मांडायचं अ‍ॅडोबीचं जुनं सॉफ्टवेअर. ७.० हे त्याचं शेवटचं व्हर्जन, २००१ साली आलेलं, त्यानंतर अ‍ॅडोबीने इनडिझाइन ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे मोर्चा वळवला. पण पेठेत अजून पेजमेकर चालतं, त्याच्यावर श्रीलिपी (मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर), जी आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची. काकूंकडे वर्षानुवर्षांच्या पत्रिका ह्या फाइल्समध्ये आहेत, मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका ज्यांनी इथे केली ते धाकटीच्या वेळी येऊन म्हणतात, 'तीच काढा, फक्त नावं बदला.' फॉन्ट जुने, युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक कोडच्या) आधीचे, नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले की नुसता कचरा दिसतो. त्यामुळे आमच्या मित्राने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हताच. 'माझे फॉन्ट राहतील ना रे त्यात?'

राहतील. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

[शॉट: मदरबोर्ड, वरून]

तर आत काय आहे बघू. इंटेलचा आय३ ४१३० प्रोसेसर, चौथी जनरेशन, २०१३ चा. बोर्ड एच८१ चिपसेटचा, रॅमला दोनच स्लॉट, त्यातल्या एकात ४ जीबीची डीडीआर३ ची पट्टी आणि दुसरा इतकी वर्षं रिकामा, धूळ खात. ५०० जीबीची हार्डडिस्क. आणि एक एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, ज्याच्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलंय, त्याच्याकडे नंतर येतो.

आमचं म्हणणं एवढंच आहे की पार्ट घ्यायला बाहेर पडायच्या आधी मशीनला विचारा नक्की कुठे दुखतंय. लोक काय करतात, दुकानात जातात आणि म्हणतात पीसी स्लो आहे, ग्राफिक्स कार्ड द्या. कशाला? टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा. हे काकूंचं मशीन, नुसतं चालू करून ठेवलंय, काही उघडलेलं नाही. प्रोसेसर निवांत बसलाय आणि डिस्क बघा, १०० टक्के. खाली येतच नाही. मेमरीवर क्लिक केलं की ४ जीबी जवळपास भरलेली आणि कोपऱ्यात लिहिलेलं असतं स्लॉट किती वापरलेत, दोनपैकी एक. म्हणजे रॅम संपली की विंडोज डिस्कवर जागा शोधतं आणि डिस्क तर आधीच धापा टाकतेय. सगळा आजार ह्या दोन आकड्यांत आहे, फुकट दिसतो, कुणाला बोलवायला लागत नाही.

दुसरं एक छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, क्रिस्टलडिस्कइन्फो. ते डिस्कची तब्येत सांगतं. इथे निळ्याच्या जागी पिवळा आलाय, कॉशन, आणि रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बदललेल्या जागा, त्याच्या पुढे शून्य नाही. हे दिसलं की बाकी सगळं बाजूला ठेवायचं आणि आधी डेटा दुसरीकडे घ्यायचा. तो घेतला. तासन्‌तास एक हिरवी पट्टी पुढे सरकत होती, ते तुम्हाला दाखवत नाही.

[शॉट: तपकीर गल्ली, गर्दी, लाइटच्या माळा]

चला तपकीर गल्लीत. अप्पा बळवंत चौकापासून चालत, बुधवार पेठेत, गाडी घेऊन जायचं धाडस करू नका. हल्ली मेट्रोने मंडईला किंवा कसब्याला उतरून पण जाता येतं. इथे माळा, वायरी, सीसीटीव्ही, सोल्डरिंगचं सामान, रिमोट, काय म्हणाल ते मिळतं आणि त्यातच कॉम्प्युटरच्या पार्टवाल्यांची दुकानं. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, 'बिलाचं पाहिजे का?' जीएसटी १८ टक्के, त्यामुळे लोकांना बिलाशिवाय घ्यायचा मोह होतो. नवीन वस्तू असेल तर बिल घ्याच, एसएसडीची (हार्डडिस्कच्या जागी लागणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) वॉरंटी कंपनीकडे मागायला गेलात की तोच कागद लागतो. जुनी वस्तू असेल तर मात्र बिलापेक्षा तिथल्या तिथे मशीनला लावून दाखवा म्हणायचं, आणि चांगला दुकानदार लावून दाखवतो.

किमती मुद्दाम सांगत नाहीये. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटासेंटरवाल्यांनी मेमरी अशी काही उचलली की रॅमचे भाव भराभर वर गेले, आम्ही शूट केलं तेव्हाचा भाव आणि आत्ता हे बोलतोय तेव्हाचा भाव ह्यात पण फरक आहे. भाव करतानाचं शूट नाही, शेठ म्हणाले कॅमेरा खाली ठेवा, ठेवला.

[शॉट: काउंटरवर रॅमच्या पट्ट्या, क्लोजअप]

ही फ्रेम नीट बघा. दोन पट्ट्या शेजारी. डावीकडची डीडीआर३, २४० पिना, उजवीकडची डीडीआर४, २८८ पिना, आणि मधली खाच वेगळ्या जागी. त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही, आणि बसत नाही म्हणून जोर लावलात तर स्लॉट जातो, मग बोर्डच बदला. आता ह्या सगळ्यात स्वस्त पट्टीकडे बघा, ८ जीबी, भाव ऐकून कुणीही खूश होईल. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलंय 'फक्त एएमडी'. ह्या पट्ट्या वेगळ्या रचनेच्या चिप लावून बनवतात आणि इंटेलच्या जुन्या बोर्डात घातल्या की मशीन सुरूच होत नाही. स्वस्त का आहे हे विचारायचं, लाजायचं नाही, पुण्यात आहोत.

काकूंसाठी आम्ही जुनीच ४ जीबीची पट्टी घेतली, आधीच्या पट्टीच्याच स्पीडची. कंपन्यांची ऑफिसं डेस्कटॉप बदलतात तेव्हा त्यातनं काढलेला माल बाजारात येतो, त्यातली. रॅम जुनी घ्यायला काही हरकत नाही, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, चालते तर चालते. शिवाय दोन सारख्या पट्ट्या दोन स्लॉटमध्ये लावल्या की ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जातात, आणि ज्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे तिथे थोडा जास्तच फायदा.

[शॉट: खोडरबर, रॅमच्या सोनेरी पिना]

हा माझा आवडता शॉट. शाळेतलं साधं पांढरं खोडरबर. जुन्या पट्टीच्या सोनेरी पट्टीवर काळपट थर जमलेला असतो, हलक्या हाताने एकाच दिशेने घासायचं, मग फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ जाते, ब्रशने झाडायचं. आपल्याकडे पीसी नुसता बीप बीप करत असेल तर निम्म्या वेळा एवढ्यावर काम होतं. ह्याच्या आधी प्लग काढलेला असावा, आणि हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावून घ्यावा, अंगातली स्टॅटिक उतरते.

डिस्कचा निर्णय मात्र सगळ्यात सोपा होता. जुनी हार्डडिस्क काढून जुनीच दुसरी बसवायची हा वेडेपणा आहे, करू नका, कितीही स्वस्त मिळू दे. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी मारायला साधारण ८ मिलिसेकंद घेते, वर डोकं इकडून तिकडे सरकायचा वेळ, म्हणजे छोट्या छोट्या फाइल्स वाचायच्या तर सेकंदाला शंभरेक वाचून होतात, आणि विंडोज सुरू होताना नुसत्या छोट्याच फाइल्स असतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. एच८१ ला एनव्हीएमई (एसएसडीचा जास्त वेगवान प्रकार) नको, साधी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्याच केबलवर लागणारी, पुरते. बोर्डावर चार साटा पोर्ट असतात, दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे, वेगवान पोर्टला लावायची, कुठला ते बोर्डावर पोर्टशेजारी छापलेलं असतं. समजा चुकून दुसऱ्यात गेली तरी हार्डडिस्कपेक्षा ती किती तरी पुढेच.

काकूंचं सगळं होतं तसं हवं होतं म्हणून नवीन विंडोज टाकलं नाही, आख्खी डिस्क क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी एसएसडीवर उतरवली. इथे एकच सांगतो, बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुनी आयडीई असेल आणि तुम्ही उत्साहात नवी एएचसीआय करून टाकलीत तर निळा स्क्रीन येतो, आधी विंडोजला तयारी करायला लावायची, मग मोड बदलायचा.

[शॉट: दोन एसएमपीएस, तराजूवर]

आता तो ४५० वॉटवाला. डावीकडे काकूंचा जुना, उजवीकडे नवीन, ८० प्लस ब्राँझवाला, म्हणजे वीज कमी वाया घालवतो असा शिक्का असलेला. वजनातला फरक तराजूवर दिसतोय. नुसत्या वजनावर जाऊ नका, लेबल वाचा. जुन्यावर १२ व्होल्टच्या पुढे १४ अँपिअर, म्हणजे गुणाकार केला की १६८ वॉट. आजचं मशीन मुख्यतः ह्याच लाइनवर चालतं, मग ते ४५० आले कुठून हे छापणाऱ्यालाच माहीत. एसएमपीएस जुना घ्यायचा नाही, ह्यावर आमच्यात वाद नाही. रॅम मेली तर रॅम मरते, हा मरताना बोर्ड आणि डिस्क घेऊन जातो. बजेट संपलं तर रॅम पुढच्या महिन्यात घ्या पण इथे कंजुषी नको.

आणि ग्राफिक्स कार्ड? डीटीपीला नको. कुणाला छोटं मोठं गेमिंग करायचंच असेल तर स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटच्या आतलं कार्ड बघा. जीटी १०३० घेत असाल तर खोक्यावर जीडीडीआर५ लिहिलंय ना ते बघा, त्याच नावाने डीडीआर४ वालं पण विकतात आणि ते बरंच हळू आहे.

आय५ टाकायचा का ह्यावर दुकानात बराच वेळ गेला. चौथ्या जनरेशनचा आय५ ४५७० त्याच सॉकेटमध्ये बसतो, दोनाच्या जागी चार कोअर, जुना मिळतो. ४५९० घेतला तर मात्र बोर्डाचा बायॉस आधी अपडेट करायला लागू शकतो, तो नंतर आलेला आहे. पण टास्क मॅनेजरमध्ये आपण काय पाहिलं, प्रोसेसर निवांत होता. मग कशाला? पैसे वाचले, त्यात एसएमपीएस आला.

[शॉट: कूलर निघतोय, पेस्ट]

कूलर काढताना त्या चार प्लास्टिकच्या पिना आधी फिरवायच्या, मग वर ओढायच्या. खालची पेस्ट बघा, वाळलेल्या खळीसारखी, नखाने निघतेय. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, चकचकीत होईपर्यंत, मग मटारच्या दाण्याएवढी नवीन पेस्ट मधोमध, पसरवायची नाही, कूलरच दाबून पसरवतो. चारही पिना टक्क असा आवाज करून बसल्या पाहिजेत, मागून बघून घ्यायच्या.

सगळ्यात स्वस्त पार्ट राहिला, सीआर२०३२, बोर्डावरची चकतीसारखी बॅटरी. ही संपली की मशीन दर सकाळी जुन्या तारखेला जागं होतं आणि तारीख चुकली की ब्राउझर म्हणतो ही वेबसाइट सुरक्षित नाही. काकूंकडे गिऱ्हाइकं पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडत नाही म्हणून त्या इंटरनेटवाल्याला फोन करत होत्या. नेट ठीक होतं, बॅटरी गेली होती.

[शॉट: बटण, बूट, काकू]

हा शॉट कापलेला नाही, पूर्ण आहे, बघा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, चौथी जनरेशन विंडोज ११ च्या यादीत नाही, घरगुती वापरासाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, त्यात नाव नोंदवून दिलंय, आणि नंतर पेजमेकरचं मशीन नेटवरून काढून व्हॉट्सअ‍ॅपला वेगळं काहीतरी लावायचं असं ठरलंय. निघालेला एसएमपीएस ई-कचऱ्यात गेला, हार्डडिस्क काकूंनी कपाटात ठेवली, त्यात गिऱ्हाइकांचा डेटा आहे.

[शॉट: शेजारचं झेरॉक्सचं दुकान]

आम्ही सामान आवरत होतो तेवढ्यात शेजारचे झेरॉक्सवाले काका आले, म्हणे आमचा पण बघा ना. त्यांचा असेंबल्ड नाही, ऑफिसातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ७०२०, बारीक कॅबिनेटवाला. हा कनेक्टर बघा, मदरबोर्डला २४ पिनांच्या जागी आठच. म्हणजे बाजारातला साधा एसएमपीएस सरळ बसणार नाही, आकारानेही नाही आणि पिनांनीही नाही. ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर बुटकंच लागतं, पूर्ण उंचीचं आत जात नाही. असं मशीन असेल तर बाजारात जायच्या आधी कॅबिनेट उघडून फोटो काढून घ्या आणि दुकानात तो फोटो दाखवा. काकांना सध्या एसएसडी तेवढी बसवून दिलीय.