सोलर बसवणाऱ्या हातांचं प्रमाणपत्र

नमस्कार, श्रोतेहो.

घरावर सोलर बसवायचं ठरलं की आपण काय काय विचारतो? पॅनल कुठल्या कंपनीचं, सबसिडी किती, बिल किती उतरेल. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तेव्हापासून हे आकडे पुष्कळांना तोंडपाठ झाले आहेत. पहिल्या 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, एकूण जास्तीत जास्त 78 हजार रुपये. पण जो माणूस छपरावर चढून ते पॅनल बसवणार, त्याला हे काम कोणी शिकवलं, त्याची परीक्षा कोणी घेतली, हे फार थोडे लोक विचारतात. मला आज त्याच माणसाविषयी बोलायचं आहे.

पुष्कळदा तो कंपनीचा पगारी नोकर नसतो. कागदावर नाव नोंदणीकृत व्हेंडरचं असतं, आणि प्रत्यक्ष काम अंगावर घेतो आपल्याच तालुक्यातला एखादा वायरमन. कुळागरातला पंप बंद पडला की आपण त्यालाच हाक मारतो, चवथीच्या आधी घराची वायरिंग तपासायला तोच येतो. हातात कसब आहे, वीज त्याला नवी नाही. तरीही सोलरची वीज वेगळी आहे, आणि हा वेगळेपणा नुसत्या अनुभवाने कळेलच असं नाही.

घरातली वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी. तिचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच बंद करताना ठिणगी पडली तरी ती आपोआप विझते. पॅनलमधून येणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, ती शून्यावर येतच नाही. आजचे मोठे सहा पॅनल ओळीने जोडले की टोकांवर 300 व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो. चालू प्रवाहात तारा जोडणारा कनेक्टर ओढून काढला तर जो चाप, म्हणजे विजेची सलग ठिणगी, पेटतो, तो पेटतच राहतो. शिवाय मेन स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनलच्या तारा जिवंतच असतात. कनेक्टर तारेवर योग्य क्रिम्पिंग टूलने, म्हणजे त्यासाठीच्या खास दाबयंत्राने, न दाबता पक्कडीने दाबला, किंवा एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी जोडली, तर पहिल्या दिवशी सगळं ठीक चालतं. दोन-तीन वर्षांनी तोच सांधा तापतो, वितळतो, आणि आग लागते ती आपल्या डोक्यावर, छपरावर.

आता आपल्या गोव्याचं छप्पर बघा. जुन्या घराला कौलं, खाली वासे आणि रीप. पॅनलच्या चौकटीचा हूक वाशात घट्ट बसायला हवा. रिपेवर अडकवला तर पावसाळी वाऱ्यात तो सुटायला वेळ लागत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा वाऱ्याने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मोरजी, हरमल, बेतूल अशा समुद्राजवळच्या गावांत खारा वारा लोखंड खातो. तिथे नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत, आणि गॅल्व्हनाइज केलेला पाय जागेवर कापला तर कापलेल्या तोंडाला जस्ताचा रंग लावायलाच हवा. हे दहा मिनिटांचं काम आहे. माहीत असेल तर माणूस करतो, नसेल तर तिथूनच गंज सुरू होतो.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त हयगय तिथेच होते. आपली बरीचशी जमीन जांभ्याची. पावसात ओली असताना अर्थिंगचं मोजमाप छान येतं. एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा पडला की अर्थिंगचा तोच खड्डा नीट काम देईनासा होतो. आणि विजांचा कडकडाट तर मान्सूनच्या तोंडावरच असतो! आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाला स्वतंत्र अर्थिंग हवं, ते इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनलच्या डीसीची एसी करणाऱ्या यंत्राच्या, अर्थिंगवर टाकून चालत नाही. मोजमाप घ्यायचं ते अर्थ टेस्टरने, बल्ब लावून बघून नव्हे. प्रशिक्षित माणसाची खूण हीच, की तो मोजतो आणि मोजलेलं लिहून ठेवतो.

आणखी एक गोष्ट. वीज खात्याची लाइन गेली की साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. लोकांना वाटतं, यंत्र बिघडलं. तसं नाही. खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव वाचावा म्हणून ती व्यवस्था आहे. ती फसवण्याचा जुगाड कोणी सुचवला, तर त्या माणसाला घरात घेऊ नका.

हे सगळं शिकवणारी आणि तपासणारी सोय आपल्या देशात आहे. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने 2015 मध्ये सूर्यमित्र प्रशिक्षण सुरू केलं. गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली, 600 तासांचं, निवासी, विनामूल्य. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या तरुणांसाठी ते उत्तम आहे. पण बायकामुलं असलेला, रोजच्या कामावर घर चालवणारा चाळिशीचा वायरमन तीन महिने घर सोडून कसा जाईल? त्याच्यासाठी दुसरी वाट आहे: आधीच्या कौशल्याची मान्यता, आरपीएल म्हणतात ती. यात पूर्ण अभ्यासक्रम नव्याने करावा लागत नाही. थोडं मार्गदर्शन, मग लेखी आणि प्रत्यक्ष चाचणी, आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय कौशल्य चौकटीतलं प्रमाणपत्र. माझ्या मते गोव्यात याच वाटेवर सगळ्यात जास्त जोर द्यायला हवा, कारण आपल्याकडे छपरावर चढणारे हात पुष्कळसे या दुसऱ्या प्रकारचेच आहेत.

बाहेरच्या देशांत दोन पद्धती दिसतात. ब्रिटनमध्ये 2008 पासूनची एमसीएस योजना बसवणाऱ्या कंपनीला प्रमाणपत्र देते. अमेरिकेत 2002 साली स्थापन झालेलं नॅबसेप हे मंडळ माणसाला देतं. केलेल्या कामांचा पुरावा आणि परीक्षा, दोन्ही लागतात आणि ठरावीक वर्षांनी ते नव्याने मिळवावं लागतं. मला ही दुसरी पद्धत आपल्याला जवळची वाटते. पॅनलची हमी 25 वर्षांची असते. तेवढ्या काळात व्हेंडर टिकेल का, कोण सांगणार? पण गावातला प्रमाणपत्रधारक वायरमन गावातच असतो, आणि त्याचं प्रमाणपत्र कंपनी बदलली तरी त्याच्याबरोबर जातं. त्याच्या जोरावर तो रास्त मजुरी मागू शकतो.

म्हणून वीज खात्याकडे आणि गोवा ऊर्जा विकास संस्थेकडे माझी कळकळीची मागणी आहे. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर, बसवण्याआधीच्या तपासणीत काम कोणत्या व्यक्तीने केलं, तिचं नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक नोंदवून घ्या. आणि आरपीएलच्या चाचण्या फर्मागुडी, डिचोली, काणकोणच्या आयटीआयमध्ये रविवारी ठेवा, म्हणजे रोजगार बुडणार नाही.

वायरमन बंधूंनो, तुमचा परवाना असेल तो सांभाळून ठेवाच. विजेच्या कामाला तो लागतोच, आणि सोलरचं प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही. चाचणीला जाण्याआधी दोन गोष्टींचा सराव करा: क्रिम्पिंग, आणि डीसी दाब मल्टिमीटरने सुरक्षितपणे मोजणं. आजपासून केलेल्या प्रत्येक कामाचे फोटो आणि मोजमापं एका वहीत ठेवा.

आणि घरमालकांनो, काम ठरवताना येणाऱ्या माणसाचं प्रमाणपत्र मागा. त्याच्यावर क्यूआर कोड असेल तर मोबाइलवर तपासा. तो छपरावर चढेल तेव्हा त्याच्या अंगावर सुरक्षा पट्टा आहे का बघा, नसेल तर काम थांबवा. शेवटचा हप्ता देण्याआधी अर्थिंगचा आकडा, डीसी दाबाचा आकडा आणि जोडणीचा नकाशा, तिन्ही सही करून लेखी घ्या, आणि तो कागद इन्व्हर्टरशेजारी भिंतीला लावून ठेवा. पुढे दुरुस्तीला जो येईल, त्याला पहिल्यांदा तोच लागेल.

नमस्कार.