कीर्तनाचा माईक: आधी गेन, मग बास-ट्रेबल

मित्रहो, मिक्सरवर वरच्या टोकाला गेनचं बटण असतं आणि खाली फेडर, म्हणजे वर-खाली सरकणारी दांडी. दोन्ही वाढवली की आवाज वाढतो, म्हणून दोन्हींचं काम एकच असं वाटतं. तसं नाही. माईककडून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा. तो मिक्सरला वापरता येईल एवढा मोठा करायचा हे गेनचं काम. मांडवात किती ऐकू जायचं ते फेडर ठरवतो.

आपण ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’वर गेन लावतो आणि इथेच फसतो. बुवा निरूपण हलक्या आवाजात करतात, गजराला टिपेला जातात. दोन्हींत १०-१५ डेसिबलचा फरक सहज पडतो. म्हणून आधी विनंती करायची, ‘महाराज, “विठोबा रखुमाई” एकदा पूर्ण आवाजात घ्या.’ फेडर खाली, टोनची सगळी बटणं मधोमध, चॅनलचं पीएफएल (फेडरच्या आधीचा सिग्नल मीटरवर दाखवणारं बटण) दाबलेलं. आता गेन हळूहळू वाढवा. मीटर शून्याच्या आसपास खेळावा, टिपेला +६ पर्यंत जावा, लाल दिवा लागू नये. डिजिटल मिक्सर असेल तर सरासरी -१८ आणि टीप -६ च्या आत.

गेनला फाटलेला आवाज फेडर खाली घेऊन शिवता येत नाही. लहान होतो, पण फाटकाच राहतो. उलट गेन कमी ठेवून फेडर टोकाला नेला तर आवाजामागे सूं ऐकू येतं. फेडरच्या कडेचे आकडे जवळून बघा. शून्यापाशी ते विरळ आहेत, तळाशी दाटीवाटीने. तळाशी बोटाच्या जराशा धक्क्याने आवाज १० डेसिबलने उडतो, शून्यापाशी तेवढ्याच हालचालीत दोन-तीनच. गेन बरोबर असला की फेडर आपोआप शून्याजवळ राहतो.

आता टोन. बुवांच्या माईकला ८० किंवा १०० हर्ट्झचं लो-कट (त्याखालचे सूर कापणारं बटण) दाबूनच टाका. मंचावरची धपधप आणि ‘भ’, ‘फ’चे फुत्कार बरेच कमी होतात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूच्या माईकला मात्र ते दाबू नका, त्याचा सगळा भारदस्तपणा तिथेच आहे.

शब्द कळत नाहीत म्हटलं की हात ट्रेबलकडे जातो. पण दोष बहुधा २५० ते ४०० हर्ट्झच्या घुमण्यात असतो. माईक ओठांशी धरला की खालचे सूर आपोआप फुगतात, म्हणून हे घुमणं आणखी वाढतं. मिडला, म्हणजे बास-ट्रेबलमधल्या सुरांच्या बटणाला, फ्रिक्वेन्सीचं वेगळं बटण असेल तर फेडर बराच खाली घ्या, मिड ६ डेसिबल वाढवा आणि फ्रिक्वेन्सी सावकाश फिरवा. जिथे आवाज डब्यातून आल्यासारखा होईल तिथे थांबा आणि तेवढाच भाग ३-४ डेसिबल उतरवा. वाढवण्यापेक्षा उतरवणं केव्हाही सुरक्षित, कारण वाढवलेल्या जागीच शिट्टी (फीडबॅक) आधी बसते.

टाळांचा खणखणाट बुवांच्या माईकमध्ये शिरत असेल तर ट्रेबल कापू नका, ‘स’ आणि ‘श’ मरतात. माईकची पाठ टाळकऱ्यांकडे करा. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपर्यंतची मोकळीक साधारण ३ डेसिबलने घटते. ज्या माईकवर कोणी गात नाही त्याचा फेडर खाली हवा.

मांडव भरला की माणसं वरचे सूर शोषतात आणि मघाचा आवाज मंद वाटू लागतो. तेव्हा ट्रेबल जेमतेम २ डेसिबल चढवा, कमी पडलं तर फेडर. गेनला हात लावू नका. मॉनिटरची, म्हणजे बुवांसमोरच्या बॉक्सची, लाइन बहुतेक मिक्सरवर गेननंतर, पण फेडरच्या आधी निघते. गेन वाढवला की त्या बॉक्सचा आवाजही तेवढाच वाढतो आणि गजराच्या मध्यावर तोच बॉक्स शिट्टी मारतो.