शपथेची कार्डं आणि पेत्र

मंडळी, सलाम. विषय मागे फळ्यावर लिहिलाच आहे : 'व्यसनमुक्ती, ख्रिस्ती दृष्टीने'. वेळ चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली बरीच माईकने खाल्ली. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो असं म्हणतो; येईन की नाही, हे तुम्ही मला इतकी वर्षं ऐकता, तुम्हीच सांगा.

आधी माझी जुनी तक्रार. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आपण शपथेची कार्डं वाटतो. 'मी आजपासून कोणत्याही मादक पदार्थाला स्पर्श करणार नाही.' खाली सही, त्याखाली साक्षीदाराची सही, आणि वर सजावट म्हणून द्राक्षांचा घड. दारू सोडायच्या कार्डावर द्राक्षं! छापणारा एक तर फार भोळा असावा किंवा फार चावट. तर माणूस पुढे येतो, गुडघे टेकतो, मागच्या बाकावर बायको डोळे पुसते, आपण हालेलूया म्हणतो आणि केक खायला जातो.

एका वर्षी अशी सही केलेले एक गृहस्थ फाटकाबाहेर भेटले. मी स्कूटर काढत होतो. त्यांनी खिशातून पन्नी काढली. पन्नीत काय होतं, हे नागपुरात सांगायची गरज नाही. सुपारी, तंबाखू, चुना. दोन्ही तळव्यांत धरून घोटणं सुरू. मी म्हटलं, "भाऊ, आत्ताच सही केली नं तुम्ही?" ते म्हणाले, "ते दारूसाठी होती न जी, सर. हा तर खर्रा हाय." हसू नका. मागच्या दोन रांगांमध्ये किती खिशांत पन्नी आहे, ते मला इथून दिसतंय. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या २००४ सालच्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. आणि कॅन्सरच्या आधी तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ते बघा. घरी जाऊन बघा, इथे नको.

पण गोष्ट पुढे आहे. त्या भावांची दारू संक्रांतीपर्यंत बंद होती, मग सुरू झाली. त्यात मला नवल नाही वाटलं. नवल याचं वाटलं की ते चर्चला यायचे बंद झाले. मी घरी गेलो. कार्ड पवित्र शास्त्रात घालून ठेवलेलं, त्यामुळे पवित्र शास्त्रही उघडायची चोरी. म्हणाले, "कोणत्या तोंडानं येऊ जी?" म्हणजे दारू सोडवायला छापलेल्या कार्डाने दारू राहू दिली आणि मंडळी सोडवली!

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कमिटीतही बोललो, तिथे चहा आला आणि विषय बदलला. ज्याची इच्छाशक्तीच आजारी आहे, त्याच्याकडून आपण इच्छाशक्तीच्या जोरावर वचन घेतो. पाय मोडलेल्याला आपण धावायला सांगत नाही. आणि डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू म्हणतो, शपथ वाहूच नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय. आपल्याला तो तोंडपाठ आहे आणि आपण छापखान्यात ऑर्डर देतो.

आता प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, ते काना गावचं लग्न कोणीतरी काढणारच. आमचे एक मामा होते, त्यांना शास्त्रातली दोनच वचनं पक्की होती : सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस, आणि प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा घे म्हटलं ते. त्यातला 'थोडा' त्यांना कधी आठवला नाही.

(इथे अध्यक्षांनी चिठ्ठी दिली आहे : पंधरा मिनिटं. बरं.)

तर ख्रिस्ती दृष्टी. रोमकरांस पत्र, सातवा अध्याय : जे चांगलं करावंसं वाटतं ते होत नाही, नको ते हातून होतं. पौलासारखा माणूस हे लिहितो. संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात सांगतात की वासनेचे लाड केले की सवय होते, सवयीला अडवलं नाही की तिची गरज होऊन बसते; त्या साखळीत ते स्वतः अडकले होते. व्यसनी माणूस चर्चच्या बाहेरचा कोणी वेगळा नाही, एवढं यातून घ्या.

आणि पेत्र, प्रभूचा शिष्य. अशीच शपथ घेणारा माणूस तो. सगळे सोडून गेले तरी मी नाही, मरावं लागलं तरी नाही. कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारलं, तेही शपथ वाहून. पुढे योहानाच्या शेवटच्या अध्यायात समुद्राकाठी कोळशाचा विस्तव आहे, मासे आहेत, भाकर आहे. प्रभू काय विचारतो? पुन्हा असं करणार नाहीस ना, हे विचारत नाही. नवी शपथ मागत नाही. आधी जेवायला घालतो, मग माझ्यावर प्रीती करतोस का विचारतो, आणि लगेच काम देतो : माझी मेंढरं राख.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडायला एकमेकांना आधार देणाऱ्या व्यसनी माणसांची संघटना, तिची सुरुवात अशीच आहे. १९३५ साल, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन. न्यूयॉर्कचा बिल विल्सन, स्वतः काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला, तिथे धंद्यासाठी आला, सौदा फसला, हॉटेलात समोर बार. त्याने चर्चच्या यादीतून एका पाळकाला फोन केला आणि बोलायला दुसरा दारुडा शोधून द्या म्हणाला. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. ते सर्जन होते. पंधरा मिनिटं देतो म्हणून आले आणि काही तास बसले. त्यानंतरही डॉक्टर एकदा घसरले, तरी बिल त्यांना सोडून गेला नाही. १० जूनला त्यांनी शेवटचा घोट घेतला, तोच संघटनेचा स्थापना दिवस. आपल्या चुका दुसऱ्यासमोर कबूल करायच्या, ही त्यांच्या कार्यक्रमातली पायरी ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून आली. आणि वचन फक्त आजच्या दिवसाचं.

पाच मिनिटं उरली, तर सगळ्यांत महत्त्वाचं घाईत सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एकदम सोडली तर जीवाला धोका असतो. आधी हात कापतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होतात, माणूस बडबडतो. आपल्याकडे त्याला बाहेरचं लागलं म्हणून रात्री प्रार्थनेला बोलावणं येतं. प्रार्थना जरूर करा, पण दवाखान्याच्या वाटेवर करा. बी-वन जीवनसत्त्व आणि औषधं डॉक्टरच देतील. आणि घरच्या सिस्टर, तुमच्यामुळे तो पितो असं कोणी म्हणालं, तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

कमिटीपुढे माझ्या दोन मागण्या आहेत. यंदा कार्डं छापू नयेत. आणि संडे स्कूलची खोली मंगळवारी संध्याकाळी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगसाठी द्यावी. बाहेर बोर्ड नको, दार मागच्या गल्लीचं. किल्ली कोणाकडे असते, हे मला अजून कळलेलं नाही, तेव्हा कोषाध्यक्षांनी चहा घेऊन लगेच निघू नये.