सतरा चाली: लार्सन विरुद्ध स्पास्की, बेलग्रेड १९७०

बेलग्रेड, १९७०. एका बाजूला सोव्हिएत संघ, दुसऱ्या बाजूला उरलेलं जग. बुद्धिबळाचे दहा पट, चार फेऱ्या. जगाच्या पहिल्या पटावर अमेरिकेचा बॉबी फिशर नाही, डेन्मार्कचा बेंट लार्सन आहे. स्पर्धांमधल्या यशाच्या जोरावर त्याने हा मान मागितला, आणि फिशरने तो दिला! समोर विश्वविजेता बोरिस स्पास्की.

दुसरी फेरी. लार्सनची पांढरी मोहरी. पहिली चाल, बी३, म्हणजे प्यादं बी३ या घरावर. मधली घरं प्याद्यांनी अडवायची नाहीत, बगलेतून उंटाने त्यांच्यावर नेम धरायचा. या सुरुवातीला आजही लार्सनचंच नाव आहे.

तिला वेळ लागतो. स्पास्की तो देत नाही. चौथ्या चालीला त्याचं प्यादं इ४ वर येऊन पांढऱ्या घोड्याला हुसकावतं. तीन चाली खर्चून तो घोडा शेवटी मारामारीत संपतो. नवव्या चालीला काळ्याचं कॅसलिंग (एकाच चालीत राजा कडेकडे, हत्ती त्याच्या पलीकडे) झालेलं, पांढरा राजा अजून मधेच.

आणि इथे लार्सन एफ४ खेळतो. अनेकजण बी३ला दोष देतात. आम्हाला तो या चालीचा वाटतो. तिने राजापर्यंतचा कर्ण उघडा पडला.

काळा घोडा जी४ वर येतो. लार्सन एच३ खेळून त्याला हाकलू पाहतो. स्पास्की घोडा हलवतच नाही, एच४ खेळतो. हवा तर घे! लार्सन घेतो, आणि स्पास्कीचं तेच प्यादं मारत जी३ वर येतं.

चौदावी चाल. पट नीट पाहा. जी३ वरच्या काळ्या प्याद्याला पुढे सरकायचंय, पण जी२ वर पांढऱ्या हत्तीचा पहारा आहे. स्पास्की आपला हत्ती थेट एच१ वर नेऊन ठेवतो. घोड्यामागोमाग हत्तीही फुकट. लार्सन तो मारतो, आणि मारताक्षणी पहारा उठतो. प्यादं जी२ वर येऊन त्याच हत्तीवर मारा करतं. अख्खा हत्ती देऊन स्पास्कीने मिळवली ती एवढी एक चाल. बुद्धिबळात याहून देखणं काही असेल, असं आम्हाला वाटत नाही.

मग त्याच उघड्या कर्णावरून वजिराचा शह. सतराव्या चालीला प्यादं हत्ती मारून वजीर होतं, पुन्हा शह. नवा वजीर उंटाने मारला तरी मात टळत नाही. लार्सन डाव सोडतो. बी१ वरचा घोडा आणि ए१ वरचा हत्ती जागचे हललेलेही नाहीत.

सामना सोव्हिएत संघाने साडेवीस विरुद्ध साडेएकोणीस असा जेमतेम जिंकला. तिसऱ्या फेरीत पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले. या वेळी काळी मोहरी लार्सनकडे होती, आणि जिंकला लार्सन.